पाऊण सेकंद

मुरलीअण्णा अंदुऱ्यांची वाचा गेली आणि येरळा नदीकाठची कुस्तीची मैदानं पोरकी झाली. एकतीस वर्षं हा माणूस माईक हातात धरून आखाड्याच्या कडेला उभा होता. कुठला पैलवान कुणाचा पठ्ठा, गेल्या जत्रेत कुणी कुणाला कुठल्या डावावर अस्मान दाखवलं, सगळं त्यांना तोंडपाठ. कुस्ती रटाळ झाली तरी अण्णांचं निवेदन ऐकायला लोक उन्हात बसून राहत. अशा माणसाच्या हातातून २०३९ सालच्या एका सकाळी दाढीचा वस्तरा गळून पडला, उजवं अंग लुळं झालं, आणि बायकोला हाक मारायला तोंड उघडलं तर नुसता घोगरा हुंकार बाहेर आला.

मिरजेच्या दवाखान्यात जीव वाचला. दोन महिन्यांत काठीच्या आधारानं चालता यायला लागलं. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. समजत सगळं होतं. शब्द डोक्यात तयार असायचे, पण ओठांपर्यंत पोचायचे नाहीत, आणि डाव्या हातानं लिहायला घेतलं तर अक्षरंही तशीच वाटेत हरवायची. जन्मभर बोलण्यावर जगलेला माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला.

खरं म्हणजे अण्णा बोलण्यावर जगलेच नव्हते, पण हे बोलून दाखवणं गावात बरं दिसत नव्हतं. अंदुरे जातीचे कासार. हिवरगावच्या पेठेत अण्णांच्या आईनं बांगड्यांचं दुकान मांडलं होतं, आणि सासू गेल्यावर ते शालनकाकूंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं चालवलं. अण्णा मैदानं गाजवत फिरले. घरातली चूल, मुलीचं इंजिनियरिंग आणि अण्णांचे कडक इस्त्रीचे पांढरे सदरे हे सगळं बांगड्यांवर निघालं. शालनकाकूंचा हात इतका हलका की नववीतल्या पोरीपासून ऐंशीच्या म्हातारीपर्यंत सगळ्या त्यांच्यासमोरच मनगट पुढं करायच्या. बांगड्या भरून झाल्या की बायका रिवाजाप्रमाणे त्यांना हात जोडत, आणि काकू 'सुखी राहा' म्हणत पुढचीचा हात हातात घेत. अण्णांच्या आजारपणात ते दुकान दोन महिने कुलपात होतं.

मुलगी स्वरूपा पुण्याला नोकरी करायची. वडिलांची दशा तिला बघवेना. शोधाशोध करून तिनं मिरजेतल्याच डॉक्टर फरहत मुजावर यांना गाठलं. मुक्या झालेल्या माणसांना यंत्रातून बोलतं करायच्या प्रयोगावर त्या काम करत होत्या.

डॉक्टरांनी अण्णांपुढं बसून सगळं फोड करून सांगितलं. मेंदूतला शब्द जुळवणारा भाग पक्षाघाताच्या झटक्यात मेला होता, पण जीभ आणि ओठ हलवायचा हुकूम देणारा भाग अजून जिवंत होता. अण्णा मनातल्या मनात बोलायचा प्रयत्न करतील तेव्हा तिथं विजेच्या बारीक लहरी उठणार. कवटीखाली केसाहून पातळ जाळी ठेवायची आणि तिनं त्या लहरी टिपायच्या. अडचण एवढीच की लहरी फार अंधुक. दहा अक्षरांतली चार-पाचच धड ओळखू येतात.

"अण्णा, लांबून कुस्ती बघताना पैलवानांचे हात कुठं दिसतात? तरी तुम्ही डाव ओळखताच ना?" डॉक्टरांनी विचारलं. "कारण तो डाव तुम्ही हजार वेळा बघितलेला असतो. यंत्राचंही तेच. तुमचं जुनं बोलणं आपण त्याला ऐकवायचं. त्यातून ते तुमच्या बोलीचा साचा बनवेल. मग चार अक्षरं मिळाली की उरलेलं वाक्य ते तुमच्याच साच्यातून भरेल, आणि तुमच्याच आवाजात बोलेल."

जुनं बोलणं भरपूर पाहिजे, असं त्या म्हणाल्या, आणि स्वरूपा हसली. बहुतेक लोकांचं दहा तासांचंसुद्धा निघत नाही. अण्णांचं चौदाशे तासांचं निघालं. एकतीस वर्षांतल्या मैदानांची रेकॉर्डिंग शौकिनांनी जिवापाड जपली होती. घरातलं बोलणं मात्र कुणाकडंच नव्हतं. घरात नवरा-बायको काय बोलतात, ते कोण रेकॉर्ड करतो?

शस्त्रक्रिया झाली, जखम भरली, गळ्यात बोटभर रुंदीचा काळा पट्टा आला. बोलणं त्या पट्ट्यातून बाहेर येणार होतं. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा खोलीत चौघंच होती: अण्णा, डॉक्टर, स्वरूपा आणि शालनकाकू. काकू अण्णांच्या खाटेची पायथ्याकडची बाजू उचलून चादर खोचत होत्या. त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. अण्णांच्या मनात आलं, दमलीय ही, तिला म्हणावं, बस जरा. त्यांनी जोर लावला.

पट्टा बोलला, "हे बायकांचं काम न्हाई. हो बाजूला."

तोच आवाज. तीच धार, शेवटी तोच हिसका. स्वरूपा ओक्साबोक्शी रडायला लागली. शालनकाकूंनी पदर तोंडाला लावला आणि त्यातूनच हसत म्हणाल्या, "आलं बाई माझं माणूस परत."

मनात बोलणं उठल्यापासून पट्ट्यातून बाहेर पडेपर्यंत पाऊण सेकंद जायचा. निरोगी माणसाला स्वतःचं बोलणं कधी ऐकू येत नाही, ते नुसतं तोंडातून सांडत असतं. अण्णांना त्या पाऊण सेकंदामुळं ते दुसऱ्या कुणाचं असावं तसं ऐकू आलं. आणि तो दुसरा माणूस त्यांना आवडला नाही.

घरी आल्यावर गावाची रीघ लागली. लोक यायचे, मुद्दाम काही विचारायचे आणि अण्णांचा आवाज ऐकून मांडीवर थाप मारायचे. पैलवान, डाव, जुन्या जत्रा हे विषय निघाले की यंत्र बिनचूक चालायचं. मनात यायचं तेच बाहेर पडायचं, उलट थोडं झोकातच. बोरगावच्या जत्रेतल्या मोठ्या मैदानाचं आवतण आलं. येत्या रविवारी अण्णांनी पुन्हा माईकसमोर उभं राहावं, टीव्हीवालेही येणार आहेत, असा निरोप होता. अण्णांना त्या दिवशी आजारानंतर पहिल्यांदा पोटभर जेवण गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शालनकाकू त्यांच्यापाशी येऊन बसल्या. बराच वेळ साडीचा काठ सरळ करत राहिल्या. मग त्यांनी विषय काढला. तुमचा व्यायाम दिवसातनं तीन वेळा, औषधं, अंघोळ, सगळं मीच बघणार, तर दुकानाला वेळ कुठला राहायचा? संग्राम जगदाळे फवारणीच्या ड्रोनच्या बॅटऱ्या बदलून द्यायचं दुकान काढतोय, त्याला जागा भाड्यानं हवी आहे.

"तुमी म्हनाल तसं करू," काकू म्हणाल्या. "मला बाईमाणसाला काय कळतंय त्यातलं."

आजारपण सुरू झाल्यापासून ही बाई त्यांच्या उशाशी बसून होती आणि सगळा वेळ तिचं बोट पलंगाच्या दांडीवर नकळत गोल गोल फिरत होतं, मनगट मापताना फिरतं तसं. हे त्यांना आताच, आजारात, दिसलं होतं. दुकान सोडू नको, मी येऊन बसेन तिथं, त्यांनी मनात म्हटलं, सगळा जीव एकवटून.

"दुकान कर बंद," पट्टा म्हणाला. "काय दिवे लावतीयास तितं बसून."

अण्णांनी जोरानं मान हलवली. पण इतकी वर्षं मैदानात आणि घरात हे वाक्य ते असंच मान झटकून म्हणत आले होते, त्यामुळं काकूंना त्यात वेगळं काही वाटलं नाही. त्यांनी पुन्हा जोर लावला. यंत्र म्हणालं, "ऐकू येत न्हाई काय?"

"आलं की ऐकू," काकू म्हणाल्या आणि उठल्या. संध्याकाळपर्यंत त्यांनी संग्रामला शब्द देऊनही टाकला. सोमवारी किल्ली द्यायची ठरली. आठवडाभरात माल काढून खोक्यांत भरायचा होता.

त्या रात्रीपासून अण्णांनी घरात पट्टा काढून ठेवायला सुरुवात केली. काकूंना वाटलं, मानेला टोचत असेल. त्या खोबरेल तेल लावून द्यायच्या. अण्णांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि काकू ते आजारपणाच्या खात्यावर टाकायच्या.

मंगळवारी गावच्या तालमीत रंगीत तालीम ठेवली होती. लाल मातीत दोन पोरं उतरली, शंभरएक माणसं भिंतींना टेकून उभी राहिली. अण्णांना खुर्चीवर बसवलं. शालनकाकू पाण्याची बाटली आणि औषधाची डबी घेऊन दाराशी थांबल्या, कारण आत बाया जात नसत. कुस्ती लागली आणि अण्णा खुलले. पंजा, पकड, ढाक, सगळं जिथल्या तिथं. मग एक पोरगं बचावात गेलं आणि पालथं पडून राहिलं. आता इथं काय बोलायचं, हे लोकांना ठाऊक होतं. ते वाटच बघत होते. अण्णांच्या मनात नुसतं 'उठ' एवढंच आलं होतं.

"उठतूस का हातात बांगड्या भरल्यात रं? बाईसारखा काय लोळतुयास!"

तालीम हसण्यानं दणाणली. अण्णांनी दाराकडं बघितलं. शालनकाकूही हसत होत्या, सगळे हसतात तसं. हसता हसता त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरलेले ते हात झाकून त्या तशाच उभ्या राहिल्या.

अण्णांना एकदम आपली पंधराव्या वर्षाची तालीम आठवली. वस्ताद म्हणायचे, मुरल्या, तुझ्या घरात ढीग पडलाय की, उद्या येताना चार घेऊन ये, ह्या हरणाऱ्याला भरू. सगळी पोरं हसायची. मुरल्याही हसायचा, आणि घरी आल्यावर आईनं दुकानात बसायला सांगितलं की तोंड फिरवून निघून जायचा. आईनं त्याला कसब शिकवलं होतं. हात दाबून मऊ कसा करायचा, आंगठ्याचं हाड कसं वळवायचं, त्याला सगळं येत होतं. पण तो पुन्हा कधी त्या गादीवर बसला नाही. पुढं माईक हातात आल्यावर त्यानं एक युक्ती केली. दुसऱ्या कुणी आपल्याला बांगड्यांवरून बोलायच्या आत आपणच ती शिवी हवेत सोडायची. ती एकतीस वर्षं पुरली.

बुधवारी मिरजेला तपासणी होती. शालनकाकू औषधांच्या दुकानात रांगेत गेल्या तेवढ्यात अण्णांनी गळ्यातला पट्टा काढला आणि डॉक्टर मुजावरांच्या टेबलावर ठेवला. दुखतंय का, म्हणून त्यांनी विचारलं. अण्णांनी मान हलवून नाही म्हटलं आणि दाराकडं बोट दाखवलं, जिथून काकू बाहेर गेल्या होत्या.

फरहत हुशार बाई. त्यांनी पडद्यावर दोन रकाने उघडले. एका बाजूला अण्णांच्या मेंदूतून खरोखर मिळालेली अक्षरं, दुसऱ्या बाजूला साच्यानं पुरं केलेलं वाक्य. घरातलं बोलणं त्या चाळत गेल्या आणि त्या दुपारपाशी अण्णांनी हात वर केला. डावीकडं तुटक अक्षरं होती, त्यांत 'सोडू नको' असावं असं ओळखू येत होतं. उजवीकडं 'दुकान कर बंद'.

"हजार वेळा बघितलेला डाव," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही नवा डाव टाकला आणि यंत्राला जुनाच दिसला."

मग त्यांनी साच्यातले शब्द मोजून बघितले. 'बांगड्या' हा शब्द चौदाशे तासांत सहाशे त्रेचाळीस वेळा आला होता, आणि दर वेळी हरणाऱ्या पैलवानासाठी. 'बाई' आणि 'बायको' यांचंही तेच. काकूंचं नाव काय, त्यांनी विचारलं, आणि अण्णांना सांगता येईना म्हणून केसपेपर बघितला. 'शालन' हे नाव साच्यात एकदाही नव्हतं.

फरहत खुर्ची ओढून अण्णांच्या जवळ बसल्या.

"मी सहा वर्षांची असेन," त्या म्हणाल्या. "अब्बांच्या खांद्यावर बसून मी तुमचं निवेदन ऐकायची. ईदच्या नव्या बांगड्या हातात होत्या. तुम्ही बोललात, सगळं मैदान हसलं, आणि मी दोन्ही हात फ्रॉकच्या खिशांत घातले. घरी येईपर्यंत बाहेर काढले नाहीत. तुमच्यावर राग नव्हता अण्णा. तुमचा आवाज तेव्हाही मला फार आवडायचा."

अण्णांनी डाव्या हातानं तोंड झाकून घेतलं.

उपाय होता, पण स्वस्त नव्हता. साचा काढून टाकायचा. मग यंत्र फक्त मेंदूतून येईल तेवढंच बोलणार, मिनिटाला चार-पाच शब्द, तेही चुकतमाकत. आवाजही अण्णांचा उरणार नाही, कारण तो साच्यातूनच येत होता. त्याऐवजी फलाटावरच्या घोषणेसारखा सपाट आवाज. आणि दोन्ही वापरता येणार नाही. यंत्र माणसाकडून शिकतं तसा मेंदूही यंत्राकडून शिकतो. पहिल्या तीन महिन्यांत त्याला जे वळण लागेल, तेच पक्कं होतं. साच्याची सवय लागली की मेंदू पुरती अक्षरं पाठवायचेच कष्ट सोडून देतो.

"आणि रविवारी मैदान आहे," डॉक्टरांनी आठवण करून दिली. "घाई करू नका. विचार करा."

अण्णांनी विचार केला. शेवटचं मैदान, टीव्ही, हजारो माणसं, 'अण्णा परत आले' म्हणून उठलेला आरडाओरडा. तो आवाज त्यांना इतका हवा होता की छाती दुखायला लागली. मग त्यांनी पट्टा उचलून डॉक्टरांच्या हातात दिला आणि पडद्यावरच्या उजव्या रकान्यावर तळहात आडवा धरला.

स्वरूपाला फोनवर कळलं तेव्हा ती बिथरली. "अण्णा, तुमचा आवाज परत आला म्हणून मी रडले होते. तुम्हीच तो टाकून द्यायला निघालाय? आणि कशासाठी?" शालनकाकूंना वाटलं, यंत्र बिघडलंय आणि दुरुस्त व्हायला वेळ लागणार. त्यांनी देवापुढं साखर ठेवली.

पुढचे चार दिवस अण्णा गोठ्याच्या मागं बाजेवर बसून घाम गाळत होते. पट्ट्यातून 'क', 'मा', 'पा' असलं काहीतरी निघायचं, मधेच नुसतीच शिट्टी. 'श' जमायला अख्खा गुरुवार गेला. शनिवारी 'दुकान' हा शब्द पुरा झाला आणि गोठ्यातल्या म्हशीनं मान वर करून बघितलं. रविवारी सकाळी बोरगावची गाडी न्यायला आली. अण्णांनी हात जोडून ती परत पाठवली. गाडी वळून गेल्यावर नदीपलीकडून बोरगावची हलगी ऐकू येत होती. अण्णा उठले, काठी घेतली आणि पेठेकडं चालू लागले.

दुकानात शालनकाकू फडताळं रिकामी करत होत्या. बांगड्यांच्या माळा भाताच्या पेंढ्यात गुंडाळून खोक्यांत जात होत्या. अण्णा उंबऱ्याशी आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. माईक हातात घेतल्यापासून ते इथं आत आले नव्हते. ते गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले.

"शा. लन," पट्टा म्हणाला.

काकूंनी रस्त्याकडं बघितलं. माहेरची आई गेल्यापासून त्यांना या नावानं कुणी हाक मारली नव्हती. रस्त्यावर कुणी नव्हतं. मग त्या अण्णांकडं वळल्या.

"दुकान. बंद. नको."

काकू हातातली माळ धरून तशाच उभ्या राहिल्या. "तुमीच म्हनला हुता की, बंद कर म्हनून."

"म. शीन."

हा शब्द बाहेर पडायला अर्धा मिनिट गेला. काकूंना त्याचा अर्थ लागायला तेवढाही वेळ लागला नाही. त्या इंजिनियर मुलीची आई होत्या आणि चौदाशे तासांची गोष्ट त्यांच्यासमोरच झाली होती. माळ खाली ठेवून त्यांनी शांतपणे विचारलं, "मशीनला शिकीवलं कुणी?"

अण्णांना वाटलं होतं, सगळा दोष यंत्रावर जाईल आणि आपण मोकळे होऊ. आता तसली पळवाट उरली नव्हती. पट्ट्यावरचा बारीक दिवा लागत विझत राहिला.

"मी," पट्टा म्हणाला.

काकू खाली बसल्या, आपल्या गादीवर. त्यांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मग त्यांनी विचारलं की, बंद का नको? म्हणजे सोय म्हणून नको, का माझी कीव येतीय म्हणून नको? एवढं तरी सांगा. आणि त्या वाट बघत बसल्या. दोन बायका दारात येऊन गेल्या, त्यांना काकूंनी नंतर या म्हणून खुणेनंच सांगितलं. लांबच्या हलगीचा ठेका वाढला, म्हणजे मोठी कुस्ती लागली असावी. अण्णांचं तिकडं लक्ष नव्हतं. एकतीस वर्षं हजारो माणसांपुढं ते घडाघडा बोलले होते, पण बोलताना असे घाबरले कधीच नव्हते.

"हात. हल. का. तु. झा."

कासाराच्या घरात याहून मोठं काही म्हणता येत नाही. अण्णांची आई हे वाक्य ऐकण्यासाठी जगली होती. शालनकाकूंना ते सगळ्या पंचक्रोशीनं म्हटलं होतं.

"समदं गाव म्हनतंय," काकू म्हणाल्या. "घरात तेवढं कुनी म्हटलं नव्हतं. मी वाट बघून बघून सोडून दिली हुती." मग त्यांनी नाक पुसलं आणि सवयीनं म्हणाल्या, "जाऊ द्या. मला बाईमाणसाला..."

"नको," पट्टा म्हणाला. "तसं. नको. म्हणू."

पुढचं वाक्य काकूंना सुचेना, कारण अशा जागी पुढं काय म्हणायचं, ते त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. त्या उठल्या, एका खोक्यातला पेंढा बाजूला केला आणि माळा पुन्हा फडताळावर लावायला लागल्या. अण्णा डाव्या हातानं एकेक माळ उचलून देत होते.

सोमवारी सकाळी संग्राम जगदाळे मापाची टेप घेऊन आला. दुकान मांडलेलं बघून तो बुचकळ्यात पडला. शालनकाकू बोलणार तेवढ्यात त्यानं त्यांच्याकडं पाठ केली आणि तो अण्णांच्या स्टुलाकडं वळला. त्याचंही फारसं चुकत नव्हतं. हिवरगावात कामाचं बोलणं घरातल्या पुरुषाशीच करायची पद्धत होती.

"अण्णा, शब्द दिला हुता तुमी लोकांनी," तो म्हणाला. "आता काय ते तुमीच सांगा. जागा द्यायची का न्हाई?"

पट्ट्यावरचा दिवा लागला. संग्राम थांबला. शालनकाकू थांबल्या. बांगड्या भरायला आलेली एक पोर मनगट पुढं धरून तशीच बसून राहिली. दिवा लागत होता, विझत होता. अण्णा घामानं भिजले होते, आणि पेठेतल्या सगळ्यांना माहीत असलेला तो जुना करडा आवाज आता कधीच ऐकू येणार नव्हता.

"तिला," सपाट आवाज म्हणाला, आणि कितीतरी वेळानं, "विचार."

संग्राम वळला. शालनकाकूंनी त्या पोरीचा हात आपल्या हातात घेतला, आंगठ्याजवळ हलकेच दाबला, आणि मान वर न करता त्याला सांगितलं की जागा द्यायची नाही, माझं दुकान आहे, ते मला चालवायचं आहे. त्यांचा आवाज मोठा नव्हता. पण अण्णांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक शब्दही मधे न घालता ऐकून घेतला.